पायाखालचा सिंथेसायझर

झाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराने १९७६ साली पॅरिसमधल्या राहत्या घरात ‘ऑक्सिजेन’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो ऐकताना पाठीमागे तंतुवाद्यांसारखा एक विस्तीर्ण स्वरसमूह सतत हलत असतो. पाण्याखालून कुणी दिवा फिरवावा तसा तो उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. आमच्या कॉलेजच्या काळात आम्ही छातीठोकपणे सांगायचो की हे काम एखाद्या भिंतभर सिंथेसायझरचं असणार. ते होतं एमिनंट ३१० नावाच्या डच घरगुती ऑर्गनचं, आणि त्याला जोडलेल्या एका गिटार पेडलचं. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं ‘स्मॉल स्टोन’, तळहातापेक्षा जरा मोठं. त्यावर एक नॉब आणि एक स्विच. बाकी पायाने दाबायचं बटण, जे जारला दाबायची फारशी गरजही पडली नसावी.

स्मॉल स्टोन हा फेजर आहे. येणाऱ्या आवाजाचे तो दोन भाग करतो. एक जसाच्या तसा पुढे जातो, दुसरा चार टप्प्यांतून जाताना थोडा थोडा मागे सरकतो. दोन्ही पुन्हा एकत्र आले की काही कंपनसंख्या एकमेकींना खोडून टाकतात. आवाजात अशी दोन भोकं पडतात आणि पेडल ती भोकं संथपणे वर-खाली फिरवत ठेवतं. गिटारवर याची गंमत अर्धवटच कळते. तार छेडली की तिचा आवाज लगेच विझायला लागतो. फेजरची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत स्वर संपलेला असतो. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की स्वर बोट उचलेपर्यंत तसाच. त्यात वरचे स्वरांशही भरपूर, म्हणजे खोडायला माल भरपूर. फेजरची पूर्ण फेरी, मग दुसरी, मग तिसरी, सगळं कानाला दिसतं. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की स्थिर षड्जावर वरचे स्वर सरपटताना ऐकू येतात, त्याच्या जवळपास जाणारा हा अनुभव आहे. फरक इतकाच की जवारी स्वरांश उठवते आणि फेजर ते पुसत जातो.

या पेडलच्या जन्माची कथा मला त्याच्या आवाजाइतकीच आवडते. स्मॉल स्टोन १९७४ सालचं, आणि ते डेव्हिड कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने रचलं. हाच कॉकरेल पाच वर्षं आधी लंडनमध्ये पीटर झिनोव्हिएफ आणि ट्रिस्ट्रम कॅरी यांच्याबरोबर ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ सिंथेसायझर तयार करत होता. ‘ऑक्सिजेन’मध्ये व्हीसीएस-३ सुद्धा आहे. म्हणजे त्या घरात एका टेबलावर कॉकरेलचा सिंथेसायझर होता आणि ऑर्गनच्या वायरीच्या मधोमध कॉकरेलचं पेडल. पुढे अकाई कंपनीच्या सॅम्पलरमागेही त्याचाच हात होता.

अशी उदाहरणं शोधत गेलो तर ती संपेनात. अमेरिकेत माइक बायगल हा तरुण अभियंता गिल्ड या गिटार कंपनीसाठी सिंथेसायझर बनवत होता. १९७२ मध्ये कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड ड्राँगे विमान अपघातात गेले आणि प्रकल्प बारगळला. बायगलने आपल्या अर्धवट सिंथेसायझरमधला फिल्टरचा तुकडा तेवढा वेगळा काढला आणि डब्यात घातला. तेच म्यू-ट्रॉन ३. जितक्या जोरात वाजवाल तितका फिल्टर उघडतो आणि आवाज तोंड उघडल्यासारखा ‘वाँव’ करतो. ते गिटारवाल्यांसाठी विकायला आलं, पण त्याला अमर केलं एका पियानोवाल्याने. स्टीव्ही वंडरने १९७३ च्या ‘हायर ग्राउंड’मध्ये आपला क्लॅव्हिनेट त्यातून वाजवला. ड्रम मशीन या पेडलमधून सोडून पाहावं. प्रत्येक ठोक्याला वेगळं तोंड फुटतं.

तिसरी गोष्ट जपानची. फुमिओ मिएदा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस युनि-व्हाइब नावाचं पेडल बनवलं. त्याचं बीज त्यांना रेडिओ मॉस्कोच्या प्रक्षेपणात सापडलं होतं. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणातून परावर्तित होऊन येताना आवाज फुगतो, ओसरतो, विचित्र रंग घेतो. हा परिणाम आपल्याकडच्या आधीच्या पिढीला समजावून सांगायला नको. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की नेमकं पहिल्या पायरीवरचं गाणं असंच लाटेवर बसून यायचं आणि घरातली माणसं रेडिओ उचलून खिडकीशी न्यायची. मिएदांनी त्या दोषालाच डब्यात घातलं. पुढे त्यांनीच कॉर्ग कंपनीसाठी १९७८ चा एमएस-२० सिंथेसायझर रचला. त्यात बाहेरचा आवाज, उदाहरणार्थ गिटार, आत घेऊन त्याची उंची मोजून तिचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करायची सोय होती. पेडल बनवणारा माणूस सिंथेसायझरकडे गेला, पण गिटारवाल्याला दार उघडं ठेवून गेला.

मग पेडल गिटारचं आणि सिंथ इलेक्ट्रॉनिकवाल्यांचा, ही वाटणी केली कुणी? माझ्या मते दुकानातल्या फळ्यांनी. वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग आयर्न एकच होतं. पेडल म्हणजे सिंथेसायझरचा कापून स्वस्तात विकलेला तुकडा, असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो विजेचा आहे. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल दुबळा, साधारण काहीशे मिलिव्होल्टचा. स्टुडिओतली लाइन लेव्हल सुमारे १.२३ व्होल्टची. युरोरॅकसारख्या मॉड्युलर सिंथमधून शिखरापासून दरीपर्यंत मोजलं तर १० व्होल्टही निघतात. साधं पेडल मुळात ९ व्होल्टवर चालतं. त्यात हे मावायचं कसं? वरून-खालून कापलं जातं आणि आवाज खरखरतो. सिंथचा आवाज कमी करून पाठवणं हा सोपा उपाय. सिग्नल गिटारच्या मापाला उतरवणारा रीअँप बॉक्स लावणं हा नीटनेटका. आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलला तर निराळीच खोड असते. त्याला थेट गिटारच्या पिकअपची संगत लागते. सिंथचं आउटपुट लावलं की त्याचा मऊपणा जातो आणि तो चिरकतो. कधीकधी तेच हवं असतं.

विजेबद्दल बोलतोय तर माझा पराक्रमही सांगून टाकतो. बहुतेक पेडलच्या अडॅप्टरमध्ये आतली पिन ऋण असते आणि बाहेरची कडा धन. घरातल्या इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर बरोबर उलटा होता, शिवाय १२ व्होल्टचा. पिन बसली, म्हणून मी लावला. मित्राचं, मागून आणलेलं डिले पेडल होतं, आवाज थोडा उशिराने परत ऐकवणारं. अर्ध्या मिनिटात जळक्या मेणासारखा वास आला. दुरुस्तीवाल्याने एक डायोड बदलून दिला आणि मी आयुष्यभर पुरेल इतका शरमलो.

पण जास्तीचा सिग्नल हा नेहमी दोषच नसतो, हे शिकवलं रोलंडच्या टीबी-३०३ ने. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र आलं ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला. बेस गिटारसारखं ते जराही वाजत नव्हतं. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मुंबईत मात्र चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी त्याआधीच ते यंत्र, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चक्रावलं. त्यांचा ३०३ स्वच्छ, मींडेच्या मागे लागलेला. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७ मध्ये त्याच यंत्राचे नॉब पिळून ‘ॲसिड’ नावाचं संगीत काढलं, आणि नंतरच्या पिढीने त्याला गिटारचं डिस्टॉर्शन जोडलं. जोश विंकचं १९९५ सालचं ‘हायर स्टेट ऑफ कॉन्शसनेस’ ऐका. तिथे ३०३ चढत चढत किंचाळायला लागतो. गिटारवाल्यासाठी केलेलं यंत्र शेवटी गिटारवाल्याच्या डबीतूनच ओरडलं.

पेडल हे पायाने चालू-बंद करायचं, हा नियमही असाच मोडला. किंग्स्टनमध्ये ली ‘स्क्रॅच’ पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत चार ट्रॅकचं टेप मशीन होतं, रोलंडचा स्पेस एको होता आणि बायगलच्याच कंपनीचा म्यू-ट्रॉन बाय-फेज. पेरी ही डबडी हाताने वाजवायचा. चारच ट्रॅक असल्याने आधीचे एकत्र करून जागा मोकळी करावी लागे, त्यामुळे झांजेवर चढवलेला फेजर झांजेतच मुरायचा, पुन्हा काढता येत नसे. टेबलावर सिंथ आणि पेडल शेजारी ठेवून काम करणारे आजचे लोक, कळत नकळत, त्याचेच वारस. डिलेचा परतावा वाढवत न्यायचा. एका हद्दीपलीकडे तो बाहेरच्या स्वराची वाटच पाहत नाही, आपलंच ऐकून आपणच गात सुटतो.

या वाटेवर सगळ्यात पुढे गेला तो डेव्हिड ट्यूडर. संगीतकार जॉन केजचा पियानोवादक म्हणून नावाजलेल्या या अमेरिकन माणसाने पुढे पियानो सोडला आणि डब्यांचे आउटपुट डब्यांच्याच इनपुटमध्ये घालून संगीत केलं. १९७२ च्या ‘अनटायटल्ड’मध्ये बाहेरून एकही आवाज आत सोडलेला नाही, साखळी स्वतःच बोलते. त्याच्या स्वतः बनवलेल्या डब्या आणि बाजारातून आणलेली गिटार पेडलं आज कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात जपून ठेवली आहेत. आपल्याला जवळची गोष्ट अशी की १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून देणारा हाच ट्यूडर. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी तिथे केलेल्या टेपा संस्थेत कित्येक वर्षं पडून होत्या आणि २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या.

ट्यूडरचं ऐकून मीही एका रात्री सिंथ बाजूला ठेवला. दुरुस्त झालेलं डिले, एक फझ, एक छोटा मिक्सर. मिक्सरचं आउटपुट फिरवून पुन्हा त्याच्याच पोटात. शिट्टी, गुरगुर, मग शांतता, आणि शांततेत उरला तो घरातल्या विजेचा भुणभुणाट. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूडरच्या घरची ६० ची. त्याने न्यूयॉर्कमध्ये जुळवलेली साखळी अहमदाबादला लावली असती तर तळाचा सूर खाली उतरला असता. किती, ते मी हार्मोनियमवर पडताळून पाहिलं. साठाला पन्नासाने भागलं तर सहास पाच. आपला भुणभुणाट षड्ज धरला तर त्यांचा नेमका कोमल गंधारावर येतो.