हजेरी भरली, क्यूब कोण भरणार?

ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या विभागाच्या फलकावर डिफॉल्टर यादी लागते आणि त्याच संध्याकाळपासून माझा फोन वाजू लागतो. आया फोन करतात तेव्हा आधी पोरगं हॉस्टेलवर नीट जेवतं का, ते विचारतात. वडील थेट टक्क्यांवर येतात. "मॅडम, एकाहत्तर टक्के भरलेत म्हणतो. चार टक्क्यांसाठी वर्ष घालवणार का त्याचं?"

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिव्हिल शाखेला शिकवते. काँक्रीट टेक्नॉलॉजी आणि सर्व्हेइंग हे माझे विषय, आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची क्लास टीचर म्हणून हजेरीचं लचांडही माझ्याचकडे. वडिलांच्या प्रश्नात तथ्य आहे, पण त्यांना चिंता असते ती चार टक्क्यांची. माझी चिंता वेगळीच असते. ती कळायला आधी हा कारभार चालतो कसा ते सांगायला हवं.

पंचाहत्तर टक्क्यांची अट अभियांत्रिकीत जवळपास सगळीकडे आहे, पदविकेलाही आहे. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. आठवड्याला तीन तास असलेल्या विषयाचे पंचेचाळीस तास होतात. म्हणजे अकरा तास बुडाले तरी चालतं, बारावा बुडाला की यादीत नाव. प्रॅक्टिकलचा हिशेब जास्त कडक. आठवड्यातून एकदा दोन तासांची टर्न, सत्रात बारा-एक टर्न होतात, त्यातल्या तीन चुकल्या की काठावर. पालकांना वाटतं अकरा म्हणजे पुष्कळ. पण गणपतीला कोकणात गेलेला मुलगा आठवडाभराने परततो, मग मावसबहिणीचं लग्न निघतं, मग एक ताप. संपले अकरा.

हजेरी भरली नाही तर 'टर्म ग्रँट' होत नाही. टर्म ग्रँट नाही म्हणजे हॉल तिकीट नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे ते सत्र पुन्हा. मुलांच्या भाषेत 'डिटेन झाला'. त्यातून वर्ष गेलं तर 'वायडी लागला'. ही टांगती तलवार प्रत्यक्षात फार थोड्यांवर पडते, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. सीनियर त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात, की यादी लागते, मग घरी पत्र जातं, मग हमीपत्र, मग असाइनमेंट आणि शेवटी सगळे बसतात परीक्षेला. खरं सांगायचं तर सीनियरांचं फारसं चुकत नाही.

माझा आक्षेप आहे तो त्या असाइनमेंटवर. हजेरी कमी पडलेल्याला आपण काय करायला लावतो? प्रत्येक विषयाचे दहा-वीस प्रश्न, हाताने लिहून, फुलस्केपवर. मुलं रात्री जागून एकमेकांचं उतरवतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना कॉलेजच्या आसपास लिहूनही मिळतं. मग मी त्या गठ्ठ्यावर सही करते. मुलाचं बुडालेलं शिक्षण त्या कागदांत कुठेही नसतं. ही नुसती शिक्षा आहे, तीसुद्धा मनगटाला. भरपाई म्हणायचं तर जे चुकलं तेच पुन्हा करायला मिळालं पाहिजे.

लेक्चरचं एकवेळ ठीक. सिमेंटचं रसायन पुस्तकात आहे, व्हिडिओत आहे, शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीतही आहे. हुशार मुलगा दोन रात्रींत ते गाठतो आणि पेपरात माझ्या नियमित मुलांपेक्षा जास्त मार्क काढतो. अशा मुलाला लेक्चरच्या हजेरीवरून अडवावं असं मला कधीच वाटलेलं नाही. प्रॅक्टिकल मात्र पुस्तकात नसतं.

क्यूब टेस्टचंच घ्या. इमारतीचं काँक्रीट किती ताकदीचं आहे हे पाहण्यासाठी दीडशे मिलिमीटर बाजूचे घन ओततात. साइटवर याला 'क्यूब भरणे' म्हणतात. खडी, वाळू, सिमेंट, पाणी मोजून घ्यायचं. मिश्रण लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचं आणि दर थराला सळईचे पस्तीस ठोके द्यायचे. चोवीस तासांनी साचा खोलून क्यूब पाण्याच्या टाकीत ठेवायचे. सातव्या दिवशी तीन क्यूब मशीनखाली फोडायचे, उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. एम-२० काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी प्रत्येक चौरस मिलिमीटरला निदान २० न्यूटन दाब सोसेल अशी अपेक्षा असते. क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण ४५० किलोन्यूटन, साधारण पंचेचाळीस टन.

यात शिकण्यासारखं आहे ते ओतण्याच्या त्या दोन तासांत. मिश्रण घट्ट वाटलं की हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. तो मग उचलायचा नाही, कारण जादा पाण्याने काम सोपं होतं आणि ताकद जाते. हे मी फळ्यावर आलेख काढून दहादा सांगते. कळतं मात्र तेव्हा, जेव्हा एका गटाने चोरून पाणी घातलेलं असतं आणि त्यांचा क्यूब शेजारच्या गटाच्या आधी फुटतो. ठोके आळसाने दिले तर साचा खोलल्यावर बाजूला भोकं दिसतात. ज्याने ती भोकं स्वतःच्या क्यूबवर पाहिली, तो पुढे साइटवर कॉलमचं शटरिंग खोलताना वाकून बघतो.

आता ज्याची ही टर्न बुडाली त्याचं काय? जर्नल त्याचंही पूर्ण असतं. त्यात आकडे असतात २६.४, २६.८, २७.१. इतके गुण्यागोविंदाने नांदणारे तीन आकडे मशीन क्वचितच देतं. खऱ्या क्यूबांत बहुतेक वेळा एखादा रुसतो. म्हणून तर आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात तरतूद आहे, की तीन क्यूबांच्या सरासरीपासून एकेकाचा फरक १५ टक्क्यांहून जास्त नसावा. ज्याच्या जर्नलमध्ये कधीच काही बिघडत नाही, त्याला मी तोंडीत फक्त एवढंच विचारते, "क्यूब टाकीतून काढला तेव्हा ओला होता की कोरडा?" पुढचं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

आणि ही गंमत फक्त दांडीबहाद्दरांची नाही. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू असतात. माझ्या वर्गातली चार-पाच मुलं महिनाभर दिवसा दिसतच नाहीत. बाहा एसएईइंडिया या स्पर्धेसाठी गाडी बनवणारी मेकॅनिकलची मुलं रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतात आणि सकाळी झोपतात. त्यांना कॉलेज 'ओडी' देतं, म्हणजे ऑन ड्यूटी. एनसीसीच्या शिबिराला, विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्यालाही देतं, आणि द्यायलाच हवं. भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभं राहिलेलं मूल साइटवरच्या मुकादमासमोर अडखळत नाही, हे मी पाहिलं आहे. पण ओडीची चिठ्ठी आली की सॉफ्टवेअरमध्ये 'पी' पडतो आणि प्रकरण मिटतं. हजेरी ऐंशी टक्के, क्यूब शून्य. हा मुलगा कुठल्याच यादीत येत नाही, म्हणून त्याची भरपाईही कोणी करून घेत नाही.

आजारपणाचं वेगळंच. ऑक्टोबरच्या शेवटी काविळीची इतकी प्रमाणपत्रं येतात, की ती खरी असती तर महापालिकेला धावत यावं लागलं असतं. खोटं प्रमाणपत्र नेहमी नीटनेटकं असतं. तारखा बरोबर बुडालेल्या दिवसांना चिकटलेल्या असतात. पावसाळ्यात डेंग्यूने खरोखर झोपलेल्या मुलीकडे मात्र प्लेटलेटच्या तपासणीची एक चुरगळलेली पावती असते आणि ती कुठे द्यायची हेही तिला माहीत नसतं. म्हणून मी वर्गात सांगते, की प्रमाणपत्र नंतर, आधी आजारी पडल्या दिवशी एक मेसेज. घरातल्या कुणी केला तरी चालेल. पाळीच्या दुखण्यावर मुली तेही करत नाहीत, पोट धरून येतात नाहीतर गप्प घरी राहतात. केरळमधल्या कोचीन विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये याच कारणासाठी विद्यार्थिनींना हजेरीत दोन टक्के जादा सवलत दिली. दोन टक्के म्हणजे फार नाही, पण कारण सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

हजेरीची अटच काढून टाका, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांना बळ मिळालं आहे. कमी हजेरीमुळे परीक्षेला बसू न दिलेल्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये आत्महत्या केली. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला, की केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये. तो निर्णय कायद्याच्या महाविद्यालयांसाठी आहे, अभियांत्रिकीचा त्यात विषय नाही. पण वाचल्यापासून मी यादी लावताना प्रत्येक नावापुढच्या मुलाशी आधी बोलते. त्यातूनच मला कळलं, की सकाळचा पहिला तास सतत चुकवणारा एक मुलगा रात्री पेट्रोल पंपावर काम करतो. दुसऱ्या एकीची एसटीच सव्वानऊला पोचते. हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

तर मी काय करते ते सांगते. माझ्या वर्गाच्या चार बॅचेस आहेत आणि एकच प्रॅक्टिकल आठवडाभर चार वेळा होतं. ज्याची टर्न चुकली त्याने त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचमध्ये येऊन बसायचं, कारण विचारलं जात नाही. ही सर्वांत स्वस्त भरपाई आहे, साहित्य तेच, वेळ तीच. आठवडा उलटून गेला तर शनिवारी दुपारी 'रिपीट टर्न'. लॅबमधले मामा तेवढ्यासाठी थांबतात. ते माझ्यापेक्षा कडक आहेत, ठोके स्वतः मोजतात. पस्तीसऐवजी तीस पडले तर म्हणतात, "काढ बाहेर, परत भर." सर्व्हेइंगचंही तसंच. ग्रंथालयाच्या पायरीवरच्या बेंच मार्कपासून लेव्हल लावून मैदानाला फेरी मारायची आणि परत पायरीवर यायचं. उन्हात स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, धरून उभं राहायला एक मित्र लागतो. तो त्यानेच आणायचा. कोणी आला नाही तर मी धरते.

क्यूबच्या बाबतीत मात्र माझेही हात बांधलेले आहेत. सबमिशन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असतं, त्याआधी २८ दिवस मोजले की रिपीटची शेवटची तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते. त्यानंतर आलेल्याला मी क्यूब भरायला लावते, सातव्या दिवशीच फोडायला लावते आणि सात दिवसांची ताकद अंतिम ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांशच का भरते, ते एका पानात लिहायला सांगते. वीस पानं नकोत, एक पुरे, पण आकडा मशीनवरचा.

विभागाच्या बैठकीत मी सुचवलं होतं, की हजेरीपटात 'आला' याच्या शेजारी 'केलं' असा दुसरा रकाना असावा. यादी लावायची तर त्या रकान्यावरून लावू. विभागप्रमुखांना पटलं. अडचण अशी निघाली, की कॉलेजने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही आणि बदल करून घ्यायला कंपनी वेगळे पैसे मागते. तोवर तो रकाना माझ्या टेबलाच्या खणातल्या निळ्या वहीत आहे. शनिवारी मामा त्यात पेन्सिलने खुणा करतात आणि सोमवारी मी त्या शाईने पक्क्या करते.