म्हशीच्या भ्रूणाची पारख

मनमाडच्या आसपास पाणी व वैरण दोन्ही तुटपुंजी. तेथे भ्रूणरोपण फसले, तर भाकड म्हैस पोसण्याचे दिवस वाढतात. म्हणून रोपणापूर्वी भ्रूणाची पारख अवश्य व्हावी.

फलनानंतर एका पेशीच्या दोन, चार, आठ पेशी होतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास तुतीच्या फळासारखा गोळा बनतो. पुढे त्यात द्रवाची पोकळी निर्माण होते. गाईचा भ्रूण माजानंतर सातव्या दिवशी काढतात. म्हशीचा भ्रूण अधिक त्वरेने वाढून तोपर्यंत आवरणाबाहेर पडू लागतो. यास्तव तो सहाव्या दिवसाच्या सुमारास काढणे इष्ट.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याची प्रत ठरते. शेकडा ८५ वा अधिक पेशीभाग सुस्थितीत असल्यास पहिली, निदान ५० असल्यास दुसरी, २५ असल्यास तिसरी. चौथ्या प्रतीचा भ्रूण निर्जीव वा नासलेला समजून टाकून द्यावा. गोठवून ठेवण्यास पहिली प्रतच उत्तम.

ही सर्व गणना माजाच्या दिवसापासून होते, आणि म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. भ्रूण देणारी व घेणारी यांच्या माजात एका दिवसाहून अधिक अंतर नसावे. पशुपालक बांधवांनी सकाळ-सायंकाळ निरीक्षण करून माजाची वेळ वहीत नोंदवावी. प्रयोगशाळेतील पारख गोठ्यातील या नोंदीवरच अवलंबून आहे.