आठ उड्यांचे गणित

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या रेसकोर्सवर मार्चमध्ये होणारी चॅम्पियन हर्डल २ मैल ८७ यार्डांची, म्हणजे साधारण ३,३०० मीटरची. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २,४०० मीटरची. तिला आणखी ९०० मीटर जोडा, शेवटाला दमछाक करणारी चढण द्या आणि वाटेत आठ अडथळे उभे करा. २०१६ साली ॲनी पॉवर या घोडीने हे सगळे ३ मिनिटे ४५.१ सेकंदांत पार केले. उड्या आणि चढण धरूनही तासाला सरासरी जवळजवळ ५३ किलोमीटर. दर २८ सेकंदांना एक उडी!

भरधाव घोड्याचे हृदय मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे लिटरभर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दर मिनिटाला एक मोठे पिंप भरेल एवढे. प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशीही अशा वेळी रक्तात उतरतात. श्वास तर झेपेशी बांधलेलाच असतो, एका झेपेला एक श्वास. साडेसहा मीटरची झेप धरली, तर अख्ख्या शर्यतीत पाचशेच्या घरात झेपा होतात. त्यांतल्या अडथळ्यांवरच्या फक्त आठ. दावेदारांचा अंदाज बांधताना जवळजवळ सगळे लक्ष मात्र उरलेल्या ४९२ झेपांकडे असते, आणि माझ्या मते अंदाज फसतो तो इथेच. ११ मार्च २०२५ ची शर्यत घ्या.

त्या दिवशी सात घोडे धावणार होते. सातांचे क्रम ५,०४० प्रकारे लागू शकतात, पण घोडामैदान जवळ आले तशी चर्चा तिघांवरच येऊन थांबली. कॉन्स्टिट्यूशन हिलने अडथळ्यांच्या दहा शर्यतींपैकी दहाही जिंकल्या होत्या, त्यात २०२३ ची चॅम्पियन हर्डल नऊ लेंग्थने, म्हणजे नऊ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने. त्याचा भाव असा की दोन पौंड लावावेत तेव्हा एक पौंड सुटावा. म्हणजे तीनांत दोनदा हाच जिंकणार, असे बाजाराचे मत. ब्रायटरडेजअहेड ही आयर्लंडहून आलेली घोडी, डिसेंबरमध्ये लेपर्ड्सटाउनला तीस लेंग्थने जिंकलेली. तीस लेंग्थ म्हणजे जवळजवळ पाऊणशे मीटर. त्या दिवशी तिच्या खूप मागे राहिलेला स्टेट मॅन हा तिसरा, २०२४ चा विजेता.

हर्डल म्हणजे साडेतीन फुटांच्या आसपासची लाकडी चौकट, फांद्यांनी विणलेली आणि धावेच्या दिशेने जरा कलती रोवलेली. पाय लागला तर ती झुकते. म्हणून सराईत घोडा उंच उडतच नाही. वरची काठी जेमतेम चुकवून, वेग न मोडता तो पलीकडे उतरतो. एक लेंग्थ म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि हवेत दवडलेला क्षण परत मिळत नाही. त्यामुळे जो सर्वांत वेगवान, तोच काठीच्या सर्वांत जवळून जातो.

समजा, एखादा घोडा शंभरातल्या नव्व्याण्णव उड्या बिनचूक घेतो. तरी आठही उड्या निभावण्याची शक्यता ९२ टक्केच उरते. तीन दावेदार म्हटले की उड्या चोवीस, आणि तिघेही शेवटपर्यंत उभे राहण्याची शक्यता ७९ टक्के. म्हणजे इतक्या कसलेल्या तिघांतही पाचांतल्या एका शर्यतीत कुणीतरी पडणार. ठरावीक दोघे एकाच शर्यतीत पडण्याची शक्यता मात्र १६७ मध्ये एक.

तेच घडले. पाचव्या अडथळ्याला कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. स्टेट मॅन सात उड्या नीट घेऊन आघाडीवर होता, पुढे कुणी नाही, विजयरेषा समोर, आणि शेवटच्या अडथळ्याला तोही कोसळला. दोन्ही घोडे आणि दोन्ही जॉकी सुखरूप उठले, हे मला त्या दिवसाच्या निकालाहून मोठे वाटते. शर्यत जिंकली गोल्डन एसने, नऊ लेंग्थने, एकास पंचवीसच्या भावाने. ब्रायटरडेजअहेड चौथी आली.

नशीब हा या निकालाचा एक भाग झाला. दुसरा भाग आधीच नोंदलेला होता. मार्च २०२४ मध्ये याच चेल्टनहॅमवर गोल्डन एसने ब्रायटरडेजअहेडला मागे टाकले होते. लेपर्ड्सटाउनच्या तीस लेंग्थच्या झगमगाटात ती नोंद झाकली गेली.

गोल्डन एसही घोडीच. घोड्यांच्या या शर्यतीत घोड्या कमी पडतात, ही समजूतही आता टिकत नाही. १९२७ मध्ये शर्यत सुरू झाल्यापासून २०१५ पर्यंत फक्त तीन घोड्यांनी, म्हणजे माद्यांनी, ती जिंकली होती: आफ्रिकन सिस्टर, डॉन रन आणि फ्लेकी डव्ह. २०१६ ते २०२५ या दहा शर्यतींत मात्र पाचदा मादी पहिली आली. त्यांना ७ पौंडांची, म्हणजे सुमारे ३.२ किलो वजनाची सवलत असते आणि तिच्यावर बरेच बोट ठेवले जाते. ढोबळ हिशेबात पौंडाला एक लेंग्थ धरली, तर ही सवलत सात लेंग्थची. ती काढून घेतली, तरी त्या दिवशी गोल्डन एस दोन लेंग्थने पुढेच राहते.