जुना नकाशा काय सांगतो?

श्रोतेहो, भूगोल शिकवितांना मीं पुष्कळ नकाशे भिंतीवर टांगले. परंतु नकाशाचें मोल मला एका निरक्षर वृद्धानें शिकविलें. कोयनेच्या जलाशयांत त्याचें गांव गेलें होतें. नातवाचा हात धरून तो शाळेंत आला व म्हणाला, “मास्तर, ह्यात आमचं गाव दाखवा. पोरगं म्हणतंय, तिथं पाणीच हुतं.”

शाळेंत भारतीय सर्वेक्षण खात्याचा, इंचास मैल म्हणजे १:६३,३६० ह्या प्रमाणाचा जुना नकाशा होता. तो वाचावयाचा कसा? तांबूस रेषा समान उंचीच्या. त्या दाटल्या कीं चढ उभा, विरळ झाल्या कीं भूमि सपाट. निळें तें पाणी, पिवळें तें शेत, हिरवें तें रान, तांबडे ठिपके तीं घरें आणि काळी रेघ ती आगगाडी.

ही काळी रेघ पहा. पुण्याहून निघून सालप्याचा घाट ओलांडल्यावर ती वाठार, कोरेगांव, कराड, किर्लोस्करवाडी अशी मिरजेस पोंचते. पाटण-जावळीच्या रानांत ती कां शिरत नाहीं? उत्तर तांबूस रेषांत आहे. पश्चिमेस त्या एकमेकींस भिडलेल्या, कृष्णाकांठीं दूरदूर. आगगाडीस सौम्य चढ हवा, म्हणून तिनें नदीचें खोरें धरिलें. प्रत्यक्ष सातारा शहरही स्थानकापासून कांहीं मैल दूर राहिलें. रानाच्या वांट्यास आली ती कराडहून पाटणावरून कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरणारी सडक. मोटारी येईपर्यंत तेथील लाकूड व हिरडा ह्यांना बैलगाडीच आधार.

परंतु नकाशा हा त्याच्या पाहणीच्या काळाचाच साक्षीदार असतो. सातारा जिल्ह्याचे १९४९ सालीं दोन भाग झाले. दक्षिण सातारा १९६० सालीं सांगली जिल्हा म्हणविला. त्याच दशकांत शिवसागर जलाशय भरला. २०१० सालीं कोयना-चांदोलीचें रान सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत आलें. ह्यांपैकीं कांहींच त्या जुन्या कागदास ठाऊक नव्हतें.

आणि तेंच त्या वृद्धास हवें होतें! जेथें आज अफाट पाणी आहे तेथें नकाशावर नदी दोऱ्याएवढी बारीक होती. तिच्या कांठीं तांबड्या ठिपक्यांचा पुंजका आणि गांवाचें नांव. मीं तें मोठ्यानें वाचलें. नातवानें स्वतः पुन्हा वाचलें. वृद्ध कांहीं बोलला नाहीं. ठिपक्यांवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला.

श्रोतेहो, नवा नकाशा आला म्हणून जुना रद्दींत देऊं नका. कित्येक गांवें आतां केवळ त्या कागदावरच वसलेलीं आहेत.