बॅटरी आपल्या हातात हवी!

आपल्या मराठवाड्यात टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही. ‘बॅटरी’ म्हणतात. आणि बॅटरीत जे घालायचं ते ‘सेल’. ‘दोन सेलची बॅटरी’, ‘चार सेलची बॅटरी’ असा तिचा थाट असायचा. घरात ती एकच असायची आणि खुंटीला अडकवलेली ती वस्तू बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या मालकीची. रात्री शेताकडे निघताना तो पुढे, बॅटरी त्याच्या हातात, आणि बाई त्या उजेडाच्या मागे मागे, अंदाजानं पाय टाकत. आता काळ बदलला. बायका बचत गटाच्या सहली काढतात, लेकरांना घेऊन किल्ले बघायला जातात, लेण्यांमध्ये शिरतात. पण बॅटरी घ्यायची वेळ आली की अजूनही आपण दुकानदार देईल ती घेऊन मोकळ्या होतो. मिक्सर घेताना दहा दुकानं फिरणाऱ्या आपण, बॅटरीच्या बाबतीत इतक्या उदार का बरं?

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे आता सहलींचे दिवस येतील. आपल्याकडे जमिनीखालच्या आणि डोंगरातल्या अंधाऱ्या जागा काही कमी नाहीत. मराठवाड्याची जमीन काळ्या कातळाची, ज्वालामुखीच्या लाव्हारसातून तयार झालेली. त्यामुळे मेघालयात किंवा बस्तरमध्ये आहेत तशा चुनखडीच्या लांबच लांब नैसर्गिक गुहा आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे आहेत त्या माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेल्या. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातली खरोसा लेणी साधारण सहाव्या शतकातली. धाराशिवजवळची लेणी, माहूरची पांडवलेणी आहेत. उदगीरच्या किल्ल्यात उदागीर महाराजांची समाधी जमिनीखाली आहे. शिवाय गावोगावच्या बारवा, तळघरं, भुयारं. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यातली ‘अंधारी’. शत्रूला चकवण्यासाठी कातळातून वळणावळणानं नेलेला तो काळाकुट्ट जिना. शाळेच्या सहलीत वाटाड्यानं पेटवलेल्या मशालीमागे एकमेकींचे हात घट्ट धरून आपल्यातल्या कितीतरी जणी तो चढल्या असतील. वटवाघळांचा तो उग्र वास विसरता येत नाही.

काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांना घेऊन मी खरोशाला गेले होते. बरोबर आलेल्या गाडीवाल्या दादांनी उत्साहानं मोठी बॅटरी घेतली आणि मूर्तींवर समोरून झोत मारत पुढे चालले. बायका मागे. कुणाला काही दिसेना. जांभ्या दगडातलं कोरीवकाम, शतकानुशतकांच्या वाऱ्या-पावसानं झिजलेलं. समोरून झोत मारला की सगळं सपाट दिसतं. शेवटी एक मावशी वैतागल्या, “ताई, आमच्या हाती तरी देऊन बघा की ती बॅटरी. निस्तं मागं मागं चालायचं का?” बॅटरी त्यांच्या हाती आली. त्यांनी ती खाली, भिंतीच्या कडेला धरली आणि तिरपा उजेड टाकला. दगडातले उंचसखल भाग सावल्यांनी उठून आले आणि त्या ओरडल्याच, “अगं माय, हा तर नरसिंह!” कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, रोज तांदूळ निवडताना ताट उजेडाला तिरपं धरायची सवय असलेल्या बाईला ते आपसूक सुचलं होतं.

तर आता खरेदीकडे वळू या. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत दुकानात गेलात की खोक्यावर मोठमोठे आकडे दिसतील. आपण बघायचा तो शब्द ‘लुमेन’. लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड टाकतो ते माप. वॅट म्हणजे तो वीज किती खातो ते. लेण्यात किंवा तळघरात चालायला शंभर लुमेन पुरतात, मोठं दालन बघायला तीनशेच्या आसपास असले की झालं. लाखाचे आकडे छापलेली हातभर बॅटरी दिसली तर सरळ पुढे चालायचं. इतका उजेड द्यायला लागणारी वीज त्या एवढ्याशा सेलमध्ये मावतच नाही.

दुसरी गोष्ट झोताची. एक झोत लांब जाणारा, बारीक. दुसरा जवळचा, पसरट. विहिरीचा तळ बघायला, शेताच्या पलीकडच्या बांधावर काय हललं ते बघायला पहिला हवा. लेण्यात, भुयारात, जिन्यावर दुसरा हवा, कारण तिथं पायाखालची पायरी आणि डोक्यावरचं छत दोन्ही एकदम दिसायला पाहिजे. आणखी एक. अंतर दुप्पट झालं की उजेड अर्धा नाही, चौथाई होतो. म्हणून लांबची मूर्ती नीट दिसेना तर जास्त ताकदीच्या बॅटरीपेक्षा दोन पावलं पुढे जाणं स्वस्त! रंगाचंही बघा. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा किंचित पिवळसर उजेडात दगडाचे आणि चित्रांचे रंग खरे दिसतात.

आपल्यासाठी सर्वांत सोयीची म्हणजे डोक्याला बांधायची बॅटरी, हेडलॅम्प. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या सावरलेल्या. मग बॅटरी धरायची कशानं? हेडलॅम्पचा पट्टा डोक्यावरच्या पदरावरूनही बसतो. सुरुवातीला हसू येतं, पण दोन्ही हात मोकळे राहण्याचं सुख एकदा कळलं की कुणी हसत नाही. मात्र मूर्ती बघताना हातातली बॅटरीच हवी, कारण कपाळावरचा उजेड समोरूनच पडतो.

आता सेल. खरी फसवणूक इथंच होते. आजकालच्या चांगल्या बॅटऱ्यांत ‘१८६५०’ नावाचा लिथियम सेल असतो. हे नाव म्हणजे त्याचं माप: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याची साठवण ‘एमएएच’मध्ये लिहितात. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएच मावतात. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं की समजायचं, दूधवाला पाण्यालाच दूध म्हणतोय. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. नकली बहुतेक वेळा हलका लागतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघायला कुणाची हरकत नसते.

हिशेब करायचा तर तोही सोपा आहे. ३००० एमएएचला ३.७ व्होल्टनं गुणलं की सुमारे ११ वॅट-तास येतात. दिवा ३ वॅट खात असेल तर साडेतीन तासांच्या आसपास चालेल, १ वॅट खात असेल तर दहा-अकरा तास. म्हणून मंद-मध्यम-प्रखर अशी बटणं असलेली बॅटरी घ्यावी आणि बहुतेक वेळ मंदवरच चालवावी. पिठाच्या डब्यात हात घालताना महिन्याचा हिशेब आपल्या डोक्यात असतोच की!

खेड्यात जिथं सुटे सेल सहज मिळतात, तिथं बारीक पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरीही वाईट नाही. त्यातही पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घेतले तर शेकडो वेळा वापरता येतात. साधे स्वस्त सेल बॅटरीत विसरून राहिले तर पाझरतात, आणि आतल्या पट्ट्या गंजून चांगली बॅटरी मरते. सहलीहून आलं की सेल काढून ठेवायचे. बाजारातल्या पिना लावून चार्ज करायच्या स्वस्त बॅटऱ्यांत बऱ्याचदा शिशाची बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की कायमची बाद होते. महिन्या-दीड महिन्यानं आठवणीनं चार्ज करायला हवी. लिथियम सेलला उष्णतेचं वावडं. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, त्यात बंद गाडी. तिथं तो ठेवायचा नाही. गादीवर, उशाखाली चार्ज करायचा नाही. फुगलेला सेल ठोकायचा, उघडायचा नाही आणि लेकरांच्या हाती तर मुळीच द्यायचा नाही.

पाणी आणि धूळ हा पुढचा प्रश्न. खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ असेल तर शिंतोडे चालतात, ‘आयपी ६७’ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी बिघडत नाही आणि धूळही आत जात नाही. बारवेच्या पायऱ्या उतरणार असाल तर दुसरी घ्या.

गुहांमध्ये जाणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक नियम आहे: माणशी तीन दिवे. एक बंद पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. त्यात मोबाइलचा दिवा धरत नाहीत, कारण मोबाइल मदत बोलवायला शिल्लक राहिला पाहिजे. २०१८ साली थायलंडमधल्या गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक पुराच्या पाण्यानं अडकले, ते आठवतं ना? नऊ दिवसांनी त्यांचा पत्ता लागला, आणि सगळी बाहेर येईपर्यंत १० जुलै उजाडली. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही मदत केली होती. तो प्रसंग टीव्हीवर बघताना आपल्या सगळ्यांच्या जिवाचं पाणी झालं होतं. पावसाळ्यात भुयारात, बारवेत शिरायचं नाही, हा धडा त्यातलाच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे नीट वाचा. पूर्वी विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी जुनी माणसं पेटता कंदील दोरीनं खाली सोडायची. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. खाली जड, दूषित हवा साचली आहे असं समजायचं. आता कंदील गेला, एलईडी आली. तिला हवा लागत नाही. माणसाचा जीव गुदमरला तरी ती तशीच लख्ख पेटत राहते! जमिनीखालच्या जागेत उजेड आहे म्हणजे हवा आहे, असं मुळीच नाही. आणि कंदील तेवत राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्याच्या धुरातला विषारी वायू कंदील विझवत नाही, पण माणूस मारतो. कुठं जळणारा वायू साचला असेल तर ज्योतीनं भडकाच उडतो. उन्हाळ्यात विहिरीत एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशी बातमी आपण कितीदा तरी वाचतो. मागे राहते ती बाई आणि तिची लेकरं.

म्हणून घरच्या माणसाला ठणकावून सांगायचं, बाईनं सांगायचं. बंद विहिरीत, शोषखड्ड्यात, जुन्या तळघरात एकट्यानं उतरायचं नाही. आधी भरपूर वारा खेळवायचा, कमरेला दोर आणि वर दोर धरणारी माणसं हवीत. खालचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी न घेता दोरानं ओढायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. आपण काठावर उभं राहून ‘बाईला काय कळतं’ हे ऐकून घेतलं तरी चालेल, पण बोलायचं थांबायचं नाही.

लेण्यांतही थोडं भान ठेवू या. मशाल, कापूर, उदबत्ती यांची काजळी दगडावर बसते ती निघत नाही. एलईडीनं तो त्रास वाचला. निळा एलईडी शोधून पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, ते काही उगाच नाही. वटवाघळांवर झोत मारून लेकरांना गंमत दाखवू नका. ती बिचारी रात्रभर आपल्या शेतातले किडे खातात.

आणि बॅटरी फक्त सहलीची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा औसा-उमरग्याच्या गावांत काळोखच होता. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यांनी नांदेडकरही घराबाहेर धावले. शेताला पाणी द्यायची पाळी अजूनही कितीतरी ठिकाणी रात्रीचीच येते, आणि बांधावर घोणस, घरात मण्यार. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, त्यातली बहुतेक खेड्यातली. तेव्हा एक बॅटरी उशाशी, एक स्वयंपाकघरात, एक दाराशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला, गॅस सिलिंडरची तारीख बघतो तशी, तिन्ही पेटवून बघायच्या.

यंदाच्या संक्रांतीला वाण काय द्यायचं याचा विचार आत्ताच सुरू झाला असेल. प्लॅस्टिकचे डबे आणि वाट्या घरोघरी पुष्कळ झाल्या. चार-पाच जणींनी मिळून घाऊक दरानं छोट्या, चांगल्या बॅटऱ्या आणल्या तर? हळदीकुंकवाबरोबर प्रत्येकीच्या हातात तिची स्वतःची बॅटरी पडेल. कुणाच्या मागे मागे अंदाजानं पाय टाकत चालायची गरज उरणार नाही.