फूल नसतानाही कळलावी ओळखा

मृगाचा पाऊस होऊन गेला, की डोंगरपायथ्याच्या माळावर, गायरानात, करवंदीच्या जाळीत आणि शेताच्या कुंपणात एक नाजूक वेल वर येतो. श्रावण-भाद्रपदात त्याला ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले लागतात. हीच कळलावी. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात; संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली अशी नावे आहेत. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणात ही फुले आराशीसाठी घरात येतात. त्यामुळे फुलावर आलेली कळलावी लहान मूलही ओळखते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अडचण आहे ती फूल नसतानाची. फूल वर्षातून दोन-तीन महिनेच असते, पण या वनस्पतीचा कंद, पाने, बी सारेच विषारी आहे. आणि माणसे फसतात ती नेमकी फुलाच्या आधी किंवा नंतर. आषाढात कोवळी रानभाजी खुडताना आणि हिवाळ्यात वेल वाळून गेल्यावर कंद खणताना हा धोका असतो. म्हणून कळलावीची ओळख पानावरून आणि कंदावरून पक्की करून घ्यावी.

ही बहुवर्षायू वनस्पती आहे. वरचा वेल दिवाळीच्या सुमारास पिवळा पडून वाळतो, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो. माळावरचे गवत उन्हाळ्यात करपले तरी कंदाला काही होत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. जुना कंद नवा कोंब पोसता पोसता सुकून जातो आणि त्याची जागा नवा कंद घेतो.

पानाची खूण

कळलावीचे पान लांबट, टोकाकडे निमुळते, चकचकीत हिरवे असते. त्याला देठ जवळजवळ नसतोच. शिरा गवताच्या पानाप्रमाणे एकमेकींना समांतर धावतात. परंतु खरी खूण आहे ती पानाच्या टोकाला. हे टोक लांबत जाऊन घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळते आणि शेजारच्या झुडपाला पकडते. कारल्याच्या किंवा भोपळ्याच्या वेलाला ताणे असतात, पण ते खोडावर पानाच्या बगलेजवळ फुटतात. करांद्याचा वेल तर ताण्याविनाच आधाराभोवती पीळ घालून चढतो. कळलावीत पानाचे टोक हाच ताणा. आपल्या माळावरच्या नेहमीच्या वेलींत अशी रचना सहसा दिसत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. कोंब नुकताच वर आला असेल, तर खालच्या पानांना ताणे नसतात. रोप सरळ उभे असते आणि घाईत ते केन्यासारखे वाटू शकते, कारण केन्याच्या शिराही समांतरच असतात. अशा वेळी पानाचा तळ पाहावा. केन्याचे पान तळाशी नळीसारखे आवरण करून खोडाला वेढते. कळलावीचे पान तसे आवरण न करता खोडावर बसलेले असते. शंका आली तर ती जुडी टाकून द्यावी. एका वेळच्या भाजीसाठी जीव पणाला लावण्यात शहाणपण नाही.

फूल आणि बोंड

फूल पानाच्या बगलेतून लांब देठावर एकेकटे येते आणि खाली मान घालून लोंबते. सहा पाकळ्या मात्र मागे, वरच्या बाजूला वळलेल्या असतात आणि त्यांच्या कडा नागमोडी असतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पसरतात. स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात एका बाजूला वळलेली असते. ही खूण विसरण्यासारखी नाही. फूल उमलताना हिरवट, मग खाली पिवळे व टोकाला लाल, आणि शेवटी पूर्ण लाल होते. एकाच वेलावर दोन रंगांची फुले दिसली म्हणून त्या दोन जाती समजू नयेत. पुढे लांबट हिरवे बोंड धरते. ते वाळून तीन भागांत उकलले की आत केशरी-लाल बी दिसते. हा रंग मुलांना ओढून घेतो, त्यामुळे घराजवळच्या कुंपणात बोंडे राहू देऊ नयेत.

कंदाची खूण

कंद मांसल व बाहेरून तपकिरी असतो, आतून पांढरा. त्याला बोटासारख्या दोन शाखा असून त्या कोनात जोडलेल्या असतात. नांगराच्या आकाराची आठवण व्हावी असा हा कंद, म्हणूनच लांगली हे नाव. जोडावर वाळलेल्या खोडाची खूण असते आणि पुढच्या वर्षाचा डोळा शाखेच्या टोकाशी असतो. करांदा गोलसर असून त्याच्या अंगावर मुळ्या असतात. खर्चुडीचा कंद चपटा-गोल असतो.

खणताना कुदळ लागून कळलावीच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या, तर उरलेला तुकडा एखाद्या बारीक रताळ्यासारखा दिसतो. रताळ्याच्या ताज्या कापावर चीक येतो, पण एवढ्यावर निर्णय घेऊ नये आणि चव घेऊन तर मुळीच पाहू नये. ज्या कंदाचा वेल आपण हिरवा असताना पाहिलेला नाही, तो कंद चुलीवर जाता कामा नये.

विष कसले?

यातील मुख्य विष म्हणजे कोल्चिसीन. ते उकडल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाही. हेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत गाउट या सांधेदुखीवर औषध म्हणून वापरतात. पेशीचे विभाजन अडवण्याच्या त्याच्या गुणाचा उपयोग पीक पैदासकार 1937 पासून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी करत आले आहेत. बिनबियांच्या कलिंगडामागेही हीच युक्ती आहे. पण शरीरात वाढणाऱ्या पेशींवरही ते असाच घाला घालते.

लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही तासांनी मळमळ, उलट्या, पोटात कळा व जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे नव्हे. त्यानंतरच मूत्रपिंड, हृदय आणि रक्त तयार करणारी मज्जा यांवर परिणाम होऊ शकतो. वाचलेल्या रोग्याचे केसही पुढे गळतात. म्हणून कंद पोटात गेल्याचे कळताच, त्रासाची वाट न पाहता, रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे. खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा वेल बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून कंद उगाळून लावण्याची जुनी रीत आहे. नावही त्यावरूनच पडले. हा प्रयोग घरी कदापि करू नये. बाळंतिणीला रुग्णालयातच न्यावे.

बांधबंदिस्ती करताना कंद वर आले तर ते जनावरांच्या वाटेवर टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा आणि हात साबणाने धुवा. अंगणातल्या व गोठ्याजवळच्या कुंपणातून वेल काढून टाकावा. माळावरचा मात्र राहू द्यावा. औषधी कंद म्हणून तो खणून नेणाऱ्यांमुळे कित्येक टेकड्यांवर कळलावी विरळ झाली आहे. तामिळनाडूचे हे राज्यफूल असून तेथे औषधी बियांसाठी तिची रीतसर शेती होते, मांडव करून आणि बोंडे चांगली धरावीत म्हणून हाताने परागण करून. कोणाला लागवड करायचीच असेल, तर खात्रीचा खरेदीदार आधी पाहावा, लागवडीचे कंद रोपवाटिकेतून घ्यावेत आणि कंद हाताळताना टोकाचा डोळा मोडणार नाही हे पाहावे. डोळा गेला की ती शाखा फुटत नाही.