सद्दी कोणाची, हे फासे ठरवतात

अमेरिकेत क्रीडाप्रेमींचा एक अजब छंद आहे. एखाद्या व्यावसायिक लीगचा सगळा इतिहास पहिल्या वर्षापासून संगणकावर पुन्हा खेळवायचा. खेळाडू खरेच घ्यायचे, त्यांचं कसबही शक्य तितकं खरं ठेवायचं. पण कोण कुठल्या संघात जाईल, कोणाचा गुडघा कधी दुखावेल, शेवटच्या क्षणाचा फटका बसेल की चुकेल, हे सगळं नव्याने पडणाऱ्या दानावर सोडायचं. छंदाची मुळं कागदी खेळात आहेत. हॅल रिचमनने १९६१मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉलचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खेळाडूचं त्याच्या आकडेवारीवरून बेतलेलं कार्ड असायचं आणि फासे टाकून सामना खेळायचा. १९९९मध्ये मार्कस हाइन्सॉन या जर्मन गृहस्थाने ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ काढला, आणि १८७१पासूनचं अमेरिकी बेसबॉल घरबसल्या पुन्हा घडवता येऊ लागलं. अशा कल्पित इतिहासात दशकभर सगळ्यांना धूळ चारणारे संघ तयार होतातच. फक्त ते आपल्याला ठाऊक असलेले संघ असतीलच असं नाही. मला या छंदातली हीच गोष्ट मोलाची वाटते. एखाद्या खेळात सद्दी निर्माण होणार की नाही, हे त्या खेळाचे आणि लीगचे नियम ठरवतात. ती कोणाच्या नावावर लागणार, हे बऱ्याच अंशी योगायोग ठरवतो. आपण मात्र सगळं श्रेय नावाला देऊन मोकळे होतो.

सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने १९५७ ते १९६९ या तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं मिळवली, त्यातली १९५९ ते १९६६ ही आठ तर ओळीने. या राजवटीचा आधारस्तंभ बिल रसेल. तो बॉस्टनला कसा मिळाला ते पाहण्यासारखं आहे. कॉलेजातून आलेले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. कमकुवत संघाची पाळी आधी. १९५६च्या ड्राफ्टमध्ये पहिली पाळी रोचेस्टर रॉयल्सची होती. त्यांच्याकडे मॉरिस स्टोक्स हा दांडगा, उंचापुरा खेळाडू आधीच होता, म्हणून त्यांनी सायह्यूगो ग्रीनला घेतलं. दुसरी पाळी सेंट लुईस हॉक्सची. बॉस्टनचे प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू देऊन ती पाळी पदरात पाडून घेतली. मॅकॉली मूळचा सेंट लुईसचा, त्यात त्याचा मुलगा आजारी. त्याला गावी परतायचंच होतं. शिवाय तेव्हा एक मजेशीर नियम होता. आपल्या गावापासून पन्नास मैलांच्या आतल्या कॉलेजचा खेळाडू संघाला पहिल्या फेरीची पाळी सोडून थेट उचलता यायचा. बॉस्टनने जवळच्याच वूस्टरमधला टॉम हाइन्सॉन असा उचलला. के. सी. जोन्सही त्याच ड्राफ्टमधला. एका संघाने एकाच ड्राफ्टमध्ये मिळवलेले हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. आउरबाख यांची नजर तयार होती, यात वाद नाही. पण रोचेस्टरकडे स्टोक्स नसता, किंवा मॅकॉलीचं घर भलत्याच गावात असतं, तर ती नजर घेऊन ते करणार काय होते?

बरं, रसेल आल्यावर तरी सगळं सरळ झालं का? १९५७ची अंतिम मालिका सातव्या सामन्यात, दोन जादा डावांनंतर १२५–१२३ अशी सुटली. १९६२मध्ये सातवा सामना १००–१०० असा बरोबरीत असताना लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीने अखेरच्या क्षणी बास्केटवर चेंडू टाकला. तो गेला असता तर विजेतेपद लॉस एंजेलिसला जात होतं. तो चुकला आणि जादा डावात बॉस्टन ११०–१०७ने जिंकलं. १९६६चा सातवा सामना ९५–९३, १९६९चा १०८–१०६. १९६५मध्ये तर अंतिम फेरी गाठण्यासाठीच्या सातव्या सामन्यात बॉस्टन ११०–१०९ने वाचलं. जॉन हॅव्हलिचेकने शेवटच्या सेकंदांत प्रतिस्पर्ध्यांचा पास मधेच अडवला म्हणून. आणि हे एकाच बाजूने झालं असंही नाही. १९५८ साली रसेलचा घोटा दुखावला आणि सेंट लुईसने सहावा सामना ११०–१०९ असा जिंकून विजेतेपद नेलं. एकेका बास्केटवर लोंबकळणारे हे सामने संगणकावर पुन्हा खेळवले, तर अकराचे कधी आठ होतील, कधी बाराही. सेल्टिक्स बलाढ्यच राहतील, पण ‘ओळीने आठ’ ही अक्षरं इतिहासाच्या बहुतेक आवृत्त्यांत सापडणार नाहीत.

यावर उत्तर ठरलेलं असतं. योगायोग कसला? रसेल सातव्या सामन्यांत दहाच्या दहा वेळा जिंकला. मोक्याच्या क्षणी मान ताठ ठेवणं यालाच तर मोठा खेळाडू म्हणतात. या आक्षेपाला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. असा एकेक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर दहापैकी दहा जिंकण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. ७५ टक्के धरली तर ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे रसेल असताना बॉस्टनचं पारडं जड होतं, हे मान्यच करायला हवं. निव्वळ नशीब म्हणणं खुळेपणाचं ठरेल. पण पारडं कितीही जड धरलं तरी दहाचा आकडा पुरा व्हायला वर काहीतरी लागतंच. हाच हिशेब मालिकांना लावून पाहा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला संघ सात सामन्यांची मालिका सुमारे ७१ टक्के वेळा जिंकतो. अशा आठ मालिका ओळीने जिंकण्याची शक्यता साडेसहा टक्के. आता उलट टोकाला जाऊन तेव्हाच्या लीगमधले आठही संघ अगदी तुल्यबळ धरले, तर कोणत्याही विजेत्याने पुढची सात वर्षं जेतेपद राखण्याची शक्यता एकवीस लाखांत एक इतकीच उरते. सत्य या दोन टोकांच्या मधे आहे, आणि कल्पित इतिहास खेळवणारा माणूस नेमका तिथेच वावरत असतो. शिवाय दहा वेळा जिंकलेल्याचं नाव आपण शोधून काढतो ते निकाल लागल्यानंतर. दहापैकी सात जिंकलेला तितकाच कणखर खेळाडू आपल्या लक्षातही राहत नाही.

आपल्याकडचा दाखला याहून ताजा आहे. मुंबई इंडियन्सच्या आयपीएलमधल्या पाच विजेतेपदांपैकी दोन फक्त एकेका धावेने आली. २०१७मध्ये हैदराबादला मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करताना रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन निघाल्या आणि तिसरीच्या नादात फलंदाज धावबाद झाला. २०१९मध्ये, पुन्हा हैदराबादलाच, चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन हव्या असताना मलिंगाने पालघरच्या शार्दूल ठाकूरला पायचीत केलं. हे दोन चेंडू वेगळे पडले असते तर मुंबईची तीन, चेन्नईची सहा आणि दोनच मोसम जगलेल्या पुण्याच्या संघाचं एक, असा इतिहास आपण आज घोकत असतो. त्यावरून कोणाच्या नेतृत्वाबद्दल किती लेख लिहिले गेले असते, ते वेगळंच.

आता नियमांकडे येऊ, कारण माझ्या मते खरा मसाला तिथे आहे. सेल्टिक्सच्या राजवटीच्या सुरुवातीला लीगमध्ये संघ होते आठ. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा. त्यामुळे रसेलला दुसरीकडे जास्त पैसे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ऑस्कर रॉबर्टसनने १९७०मध्ये कोर्टात धाव घेतली आणि १९७६च्या तडजोडीनंतर हे वेठबिगारीचं जोखड सैल झालं. त्यात बास्केटबॉलचा स्वभाव. मैदानात एका बाजूला पाचच जण, म्हणजे एक असामान्य खेळाडू हा संघाचा पाचवा हिस्सा. आणि प्रत्येक संघाला सामन्यात शंभराच्या आसपास चढाया मिळत असल्याने नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. बेसबॉलमध्ये मोसमातल्या १६२पैकी शंभर सामने जिंकणारा संघ थोर मानला जातो; तरी तो दर पाच सामन्यांतले जवळजवळ दोन हरतोच. संगणकाला हे नियम दिले की बास्केटबॉलमध्ये कोणाची ना कोणाची राजवट येतेच. रसेल रोचेस्टरला गेला तर कदाचित तिथे. नियम बदलले की चित्र पालटतं. आज त्याच लीगमध्ये तीस संघ आहेत, पगाराच्या एकूण रकमेवर मर्यादा आहे, ती ओलांडणाऱ्यांवर वाढत जाणारे निर्बंध आहेत. आणि २०१९ ते २०२५ या सात मोसमांत सात वेगवेगळे विजेते झाले. आता या सात वर्षांत एकही रसेल जन्माला आला नाही, असं म्हणायचं का?

अपवादही याच दिशेने बोट दाखवतो. गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१५ ते २०१९ अशी ओळीने पाच वर्षं अंतिम फेरी गाठली आणि तीनदा बाजी मारली. स्टेफ करीचा घोटा वारंवार दुखावत असल्यामुळे २०१२मध्ये त्याने चार वर्षांचा करार ४ कोटी ४० लाख डॉलरना केला होता. तो एवढा मोठा खेळाडू होईल, हे तेव्हा कोणी धरलं नव्हतं. पुढे टीव्हीच्या नव्या करारामुळे पगाराची मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाख डॉलरवर गेली, आणि त्या फटीतून २०१६मध्ये केव्हिन ड्युरंट आत आला. रसेलचा घोटा दुखावला म्हणून एक विजेतेपद गेलं, करीचा दुखावला म्हणून राजवट परवडली. घोट्यांचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा.

जाणकारांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. संगणक तेच परत देतो जे आपण त्यात घालतो. मग त्यातून काही सिद्ध कसं होणार? व्यक्तींपुरतं हे अगदी खरं आहे. रसेलची ख्याती प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवण्याची. पण या ‘ब्लॉक’ची अधिकृत मोजदाद अमेरिकी लीगने सुरू केली १९७३–७४ मोसमात, रसेल निवृत्त झाल्यानंतर. त्यामुळे संगणकातला रसेल हा त्याच्या सर्वोत्तम गुणाचा अंदाजच असतो, आणि त्याच्या जोरावर ‘रसेल किती मोठा?’ हे ठरवायला बसणं फोल आहे. मॅकॉलीच्या मुलाचं आजारपण तर कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं. पण संघ आठ असण्याने आणि तीस असण्याने, हक्क क्लबकडे असण्याने आणि नसण्याने काय फरक पडतो, हे दाखवायला खेळाडू तंतोतंत उतरण्याची गरज नाही. कल्पित इतिहासाकडून एवढीच अपेक्षा ठेवली, तर तो फसवत नाही.

आणि त्याची पडताळणी खऱ्या इतिहासातही करता येते. मुंबईच्या संघाने १९५८–५९ ते १९७२–७३ अशी ओळीने पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला. हा हौशी जमान्यातला खेळ, व्यावसायिक लीग नव्हे. पण उतार कुठल्या दिशेला होता ते इथे स्वच्छ दिसतं. ड्राफ्ट नाही, लिलाव नाही. ज्या गावात मैदानं, क्लब आणि खेळाडूला नोकरी देणाऱ्या कंपन्या, तिथे गुणवत्ता आपोआप वाहत येणार. मडगावचे दिलीप सरदेसाई मुंबईकडून खेळले ते त्याच उतारावरून. १९७०–७१मध्ये मुंबईचे कसोटीपटू वेस्ट इंडीजला गेलेले असताना सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखालच्या संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवलं. नावं गेली, सद्दी टिकली. मग १९७३–७४मध्ये बंगळुरूला कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामन्यात प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, कर्णधार वाडेकर धावबाद झाला, आणि पहिल्या डावातल्या पिछाडीवर मुंबई बाहेर पडली. पंधराची मालिका तुटली म्हणून तेव्हा युगान्ताची भाषा झाली असेल, तर ती घाईची होती. पुढची तिन्ही वर्षं करंडक पुन्हा मुंबईकडेच आला. ‘ओळीने पंधरा’मध्ये दानाचा वाटा आहे, ‘एकोणीसपैकी अठरा’मध्ये उताराचा. मुंबईचा मोठेपणा सांगायचा तर मी दुसरा आकडा सांगेन.

सद्दी कशामुळे येते, हा वाद अमेरिकेत सध्या पैशांवरून पेटला आहे. बेसबॉलमध्ये पगारावर ठाम मर्यादा नाही, फक्त जास्त खर्चावर कर आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीशी ७० कोटी डॉलरचा करार केला, त्यातले ६८ कोटी पुढे ढकलून. आणि २०२४, २०२५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. यांकीजच्या २०००च्या विजयानंतर असं कोणाला जमलं नव्हतं. दुसरं विजेतेपद सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात, ५–४ असं एका धावेने आलं; ती धाव टोरोंटोच्या बाजूला पडली असती तर ‘पैशाने सगळं विकत घेतलं’ ही ओरड निम्म्याने कमी झाली असती, करार मात्र तेच राहिले असते. मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. अनेक मालकांना बास्केटबॉलसारखी मर्यादा हवी आहे, खेळाडूंची संघटना वर्षानुवर्षं तिच्या विरोधात उभी आहे. निकाल काहीही लागो, ओहतानीचे पुढे ढकललेले पैसे डॉजर्सना २०४३पर्यंत मोजायचेच आहेत.